मचाणावर चार-पाच तास बसायचंय, पाय गोठतात. बूट कुठले घेऊ?

वाईची_लेक (4 ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. मी मूळची वाई तालुक्यातली. नऊ वर्षांपासून विस्कॉन्सिनमध्ये, ओ क्लेअर गावाबाहेर राहते. इथला शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम पूर्ण करून गेल्या नोव्हेंबरात पहिल्यांदा स्वतःच्या परवान्यावर हरणासाठी मचाणावर बसले. शिकारीचा विषय इथे काहींना रुचणार नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार थांबली आणि ते योग्यच झालं. इथे हरणं किती आहेत ते पाहून राज्याचं खातं परवाने देतं, आणि मारलेलं जनावर आम्ही वर्षभर खातो. एवढं सांगून पायांकडे वळते.

इथला बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. गेल्या वर्षी त्या शनिवारी पहाटे 12 फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे 11 सेल्सिअस, वर वायव्येचा वारा. सव्वापाचला शेजाऱ्यांच्या गोठ्यापाशी गाडी लावली. तिथून त्यांच्या चाळीस एकराच्या रानात चढणीने सव्वा किलोमीटर चालत गेले, सगळे कपडे अंगावर, बंदूक खांद्याला. मचाण म्हणजे झाडाला पट्ट्यांनी आवळलेली लोखंडी शिडी, वर लोखंडी जाळीचा पाट आणि छोटी बैठक. जमिनीपासून पंधरा फूट. सहाला वर जाऊन पट्टा अडकवून बसले.

साडेसातला बोटांना मुंग्या आल्या. सव्वाआठला बोटं आहेत की नाहीत ते कळेना. नऊला उतरायचं ठरवलं, आणि तिथे मी खरी घाबरले. शिडीच्या पायरीवर पाय टेकला की नाही, ते पायाला कळतच नव्हतं. प्रत्येक पायरीला मान वाकवून बूट बघायचा, पायरीच्या मधोमध आहे ना याची खात्री करायची, मगच वजन टाकायचं. पंधरा फूट उतरायला दहा मिनिटं लागली. अंगात सुरक्षेचा पट्टा होता म्हणून निभावलं. घरी आल्यावर बोटं पांढरीफटक पडलेली होती, नंतर लाल झाली आणि आग आग झाली. डाव्या पायाच्या दोन बोटांना पुढे तीन आठवडे चादरीचा स्पर्शसुद्धा सोसत नव्हता.

शेजारच्या आजोबांनी संध्याकाळी सांगितलं की मी उतरल्यावर अर्ध्या तासाने एक मोठा नर त्याच झाडाखालून गेला.

बूट होते कातडी, नाडीचे, 800 ग्रॅम थिन्सुलेटचे, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या उबदार अस्तराचे. माझ्या नेमक्या मापाचे, सातचे. आत दोन मोज्यांचे जोड, त्यातला आतला सुती.

दुकानात तीन पर्याय दिसले. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, 1200 किंवा 1600 ग्रॅमचे. पॅक बूट, म्हणजे खाली रबर, वर कातडं आणि आत बुरणुसासारखा दाबलेल्या लोकरीचा जाड मोजा, जो बाहेर निघतो. तिसरा, नेहमीच्या बुटांवर वर बसल्यावर चढवायची उबदार खोळ. खर्चाची तयारी अडीचशे डॉलरपर्यंत आहे. स्वतः बसून बघितलेल्या माणसांचं ऐकायचंय. दुकानातल्या पाट्या वाचून झाल्यात.

एक आठवण मनात घोळतेय. आमच्या शाळूच्या रानात आजोबा राखणीला मचाणावर बसायचे. डिसेंबरातल्या रात्री अंगावर घोंगडी, आणि पाय पोत्यात. पोत्यात ते शाळवाचा पाला भरायचे. मी विचारलं होतं, पायात वहाणा का नाही घालत? ते म्हणाले होते, "वहाण चालायला, पोतं बसायला."

फार्गोकर (4 ऑक्टोबर)

ताई, डोळे मिटून रबरी घ्या, 1600 ग्रॅमचे. मी नॉर्थ डकोटात अकरा वर्षं तेच घालतो. माझ्या मचाणाकडे जाताना लव्हाळ्याची दलदल ओलांडावी लागते, वर बर्फाची पापडी आणि खाली पाणी. त्यात कातड्याचं काही टिकत नाही. रबरात वास अडकून राहतो, हरणाला माग लागत नाही. रबरी बूट म्हणजे तुमच्याच राज्याची परंपरा आहे. ला क्रॉस गावात 1897 मध्ये रबराची गिरणी सुरू झाली, त्याच नावाचे बूट आजही शिकारी घालतात.

घाम येतो हे खरं. मी जाड लोकरी मोज्यांचा दुसरा जोड खिशात ठेवतो.

किब्बरवारी (5 ऑक्टोबर)

मी शिकारी नाही, कॅमेरावाली आहे. पुण्याहून फेब्रुवारीत स्पितीला जाते, किब्बरच्या कड्यांवर हिमबिबट्यासाठी. चार हजार मीटरच्या वर एका जागी सात-सात तास दुर्बिणीला डोळा लावून बसायचं असतं, म्हणजे तुझ्यासारखंच बसणं, फक्त झाड नाही.

पहिल्या वर्षी भाड्याचे बूट घेतले, घट्ट होते, तरी चालवून घेतले. तिसऱ्या तासाला रडकुंडीला आले. माझ्याबरोबरच्या गावातल्या वाटाड्याने बुटांकडे बघितलंच नाही, मी कशावर उभी आहे ते बघितलं. खडकावर होते. त्याने आपल्या झोपायच्या फोमच्या चटईचा हातभर तुकडा कापून माझ्या पायाखाली सरकवला. दोन मिनिटांत फरक पडला असं म्हणणार नाही, पण थंडी वर चढायची थांबली हे नक्की. तेव्हापासून तो तुकडा माझ्या बॅगेत कायम असतो, कडा झिजल्यात.

तुझ्या पायाखाली लोखंडी जाळी होती. लोखंड तर खडकापेक्षा जास्त ऊब ओढून घेतं, आणि जाळीतून खालून वारा. बूट कुठलेही घे, आधी पाटावर काहीतरी अंथर.

सुपीरियर_काठ (5 ऑक्टोबर)

ताई, मी मूळचा कागलचा, मिनेसोटातल्या डुलुथला चोवीस वर्षं झाली. नोव्हेंबरात बंदूक आणि त्यानंतर 31 डिसेंबरपर्यंत धनुष्यबाण, असा हंगाम काढतो. धनुष्याला डिसेंबरात बसणं म्हणजे कित्येकदा उणे 15, उणे 20 सेल्सिअस. तुमचा प्रश्न वाचून झोप येईना, कारण पहिली तीन वर्षं मी नेमकं हेच केलं होतं.

तुमचे पाय साडेसातला गार पडायला लागले खरे, पण ते बिघडले सव्वापाच ते सहाच्या दरम्यान. सव्वा किलोमीटर चढण, सगळे कपडे अंगावर, उबदार बूट पायात. पायाला घाम सुटला. सुती मोज्याने तो पिऊन धरला. बसलात, हालचाल थांबली, आणि त्या ओल्या मोज्याने पायातली ऊब शोषायला सुरुवात केली. ओल्या कापडातून ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने जाते. मग बूट 800 चा असो की 1600 चा, आत ओलं फडकं गुंडाळलेलं असेल तर तो काय करणार?

दुसरं, माप. नेमक्या मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की पाय आवळला जातो. बोटांना रक्त पोचत नाही, आणि मोज्यातली हवाही दाबून निघून जाते. ऊब धरून ठेवते ती हवा. थिन्सुलेट काय, लोकर काय, दोन्ही फक्त हवेला एका जागी बसवून ठेवतात.

आणि ते 800, 1200, 1600 आकडे. ते बुटाचं वजन नाही, अस्तराच्या एका चौरस मीटरला किती ग्रॅम माल भरलाय एवढंच ते सांगतात. 400 चालणाऱ्याला, 800 चालत-थांबत फिरणाऱ्याला, 1000 च्या पुढचे बसणाऱ्याला, असा साधारण हिशोब. पण हे अस्तर वरच्या भागात जास्त आणि तळव्याखाली तुमच्या वजनाने चेपलेलं असतं. डब्यावर उणे 40 लिहिलेलं असतं तेही हलत्या पायाचं गृहीत धरलेलं असतं बहुतेक वेळा. बसलेल्या माणसाने त्यातले निम्मे अंश मनातल्या मनात वजा करावेत. हा माझा अनुभवाचा हिशोब, शास्त्राचा नाही.

म्हणून माझं मत पॅक बुटाला. कारण एकच: आतला लोकरी मोजा बाहेर निघतो. रात्री काढून वाळवता येतो, दुसरा जोड असला तर बदलता येतो. शिवलेल्या अस्तराच्या बुटात घाम शिरला की नऊ दिवसांच्या हंगामात तो पुरता वाळतच नाही. बुधवारपर्यंत तुम्ही शनिवारच्या घामात बसलेल्या असता. खाली रबर आणि वर कातडं ही जोडणीही शिकाऱ्याच्या ओल्या पायांतूनच आली. 1912 मध्ये मेन राज्यातल्या लिऑन बीनने ती विकायला काढली, पहिल्या शंभर जोडांतले नव्वद शिवण उसवून परत आले, त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि पुन्हा नीट बनवले.

पण पॅक बुटात चालत जाऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. 1950 च्या हिवाळ्यात कोरियात, चोसिन जलाशयापाशी, अमेरिकन सैनिकांच्या पायात असेच बूट होते. चढाईत पाय घामाने भिजायचे आणि थांबलं की तोच घाम बुटात गोठायचा. शत्रूच्या गोळीबरोबरच हिमदंशानेही माणसं निकामी झाली. त्यानंतर सैन्याने रबराच्या दोन थरांमध्ये लोकर बंद केलेले बूट आणले, म्हणजे घाम आला तरी तो लोकरीपर्यंत पोचणारच नाही. काळ्या रंगाच्या त्या गोलमटोल बुटांना लोक मिकी माउस बूट म्हणतात. पुढे पांढरे आले, उणे 65 फॅरनहाइटपर्यंतचे. सैन्याच्या जुन्या मालात अजून मिळतात. माझ्याकडे एक पांढरा जोड आहे, जानेवारीत तळ्याच्या बर्फावर मासे धरायला बसताना घालतो. पाय ओला होतो पण गार होत नाही, विलक्षण वस्तू आहे. शिडीवर मात्र मी तो कधीच घालणार नाही, फार जड आणि फार रुंद.

तर तुम्ही हलक्या, बिनअस्तराच्या गमबुटात चाला, पातळ मोजे घालून. पॅक बूट नाड्या बांधून पाठीवर टाका. जाकीटही पाठीवर. गाडीपाशी थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजा. वीस मिनिटांची वाट चाळीस मिनिटांत चाला. झाडाखाली पोचलात की बॅगेवर बसा, पाय उघडा करा, छोट्या टॉवेलने बोटांच्या बेचक्यांसकट पुसा, कोरडा लोकरी मोजा घाला, एकच, आणि मग पॅक बूट. उणे 11 ला पाय अर्धा मिनिट उघडा राहिला तर काही होत नाही. मी दर वेळी करतो.

तुमच्या आजोबांचं वाक्य मी माझ्या मुलाला वाचून दाखवलं. चोवीस वर्षांत मला जे कळलं ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

फार्गोकर (5 ऑक्टोबर)

काठ साहेब, दलदलीचं काय? तुमचे हलके गमबूट तिथे पायच गोठवतील.

सुपीरियर_काठ (6 ऑक्टोबर)

चालताना नाही गोठत, चालणारा पाय स्वतः ऊब तयार करतो. तरी तुमचं रान तुम्हाला माहीत. गुडघाभर पाणी असेल तर झाडाखाली बूट बदलायला कोरडी जागाच नसेल, तिथे तुमचं रबरीच बरोबर. ताईंची चढण कोरडी आहे म्हणून मी वेगळं सांगितलं. पण तो दुसरा मोजा तुम्ही खिशात ठेवता, तो झाडाखाली बदलता की पाय गार पडल्यावर?

फार्गोकर (6 ऑक्टोबर)

गार पडल्यावर. कळलं. यंदा आधी बदलून बघतो.

वाईची_लेक (6 ऑक्टोबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. घाम आला होता हे मला तेव्हा जाणवलंच नव्हतं. आता आठवतं, घरी काढलेला मोजा टाचेपाशी कडक झाला होता.

काठ दादा, दोन शंका. पॅक बूट दुकानात घालून बघितले, एक माप मोठे, आठचे. उबदार वाटले पण तळ इतका रुंद की शिडीच्या पायरीवर दोन्ही पाय शेजारी मावणार नाहीत. गेल्या वर्षीची ती उतरण डोळ्यांसमोरून जात नाही. बूट वर जाऊन बदलले तर? आणि ती पायाच्या बोटांना चिकटवायची गरम पाकिटं कशी असतात? शेजारचे आजोबा म्हणतात रबरी बुटात ती गरम होत नाहीत, का ते त्यांना सांगता येत नाही.

सुपीरियर_काठ (6 ऑक्टोबर)

वर जाऊन बूट बदलू नका. पंधरा फुटांवर, अंधारात, एक पाय उघडा, दोन्ही हात नाडीत, ही पडायचीच वेळ. खालीच बदला आणि पॅकमध्येच चढा. पण हंगामाच्या आधी एखाद्या दुपारी जाऊन त्याच बुटांनी वीस वेळा चढ-उतार करा. रुंद बूट पायरीवर चवड्याने ठेवायचा, मधल्या खोलगट भागाने नाही, आणि एका पायरीवर एकच पाय. दोन्ही पाय शेजारी ठेवायची गरजच पडू नये. जमिनीपासून वरपर्यंत जीवदोरी बांधा आणि पट्टा तिच्या सरकत्या गाठीला जमिनीवरच अडकवा, वर पोचल्यावर नाही. गाठ हाताने वर सरकवत जायची. बंदूक रिकामी, दोरीने मागाहून ओढून घ्यायची. हे तुम्हाला अभ्यासक्रमात शिकवलं असेलच, पण गार पडलेला माणूस घाई करतो.

आणखी एक. बधीर होईपर्यंत थांबू नका. मुंग्या यायला लागल्या, बोटं हलवून पाच मिनिटांत गेल्या नाहीत, की उतरायचं. पायरी कळतेय तोवर उतरायचं.

पाकिटांचं कारण सोपं आहे. त्यात लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या प्राणवायूने गंजते आणि गंजताना गरम होते. बंद रबरी बुटात प्राणवायूच कमी, मग गंजणार कशी? बूट घालायच्या दहा मिनिटं आधी फोडून हवेवर ठेवा, आणि तळव्याखाली न लावता बोटांच्या वरच्या बाजूला, मोज्यावरून चिकटवा. कातडीला थेट कधीच नाही. माझा त्यांच्यावर भरवसा कमी आहे. जागा खातात, आणि जागा गेली की हवा गेली.

खोळीबद्दल राहिलं. चांगली वस्तू आहे, तुमच्या आजोबांचं पोतंच ते. पण ती घालून एक पाऊलही टाकायचं नाही. बसल्यावर, पट्टा अडकलेला असताना चढवायची, उठायच्या आधी काढायची. आणि तिची झिप करकरते, हरीण दिसल्यावर हात लावलात तर ते उभं राहणार नाही. पैसे उरले तर पुढच्या वर्षी घ्या.

माजी_सैनिक_सातारा (7 ऑक्टोबर)

पोरी, वाईची म्हणून लिहितोय. मी मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली, त्यात सियाचेनही झालं. बुटांच्या कंपन्या मला माहीत नाहीत, पायांचं सांगतो.

पहाऱ्यावर हलता येत नाही. पण बुटाच्या आतली बोटं कुणाला दिसत नाहीत. दर पाव तासाला दहाही बोटं खाली दाबायची, वीस आकडे मोजायचे, सोडायची. मग टाच टेकलेली ठेवून चवडा उचलायचा, वीस वेळा. हे गार पडल्यावर करायचं काम नाही, बसल्यापासून करायचं. हरणाला कळणार नाही. बोटं हलवायला जागा नसेल तर बूट लहान आहे, परत कर.

चढताना नाडी आवळशील ती बसल्यावर सैल कर. आमच्यात नव्या पोरांचे पाय यातच जायचे. घट्ट नाडी म्हणजे ऊब, असं त्यांना वाटायचं.

ओला मोजा पोटाशी, बनियनच्या आत वाळवायचा. खिशात वाळत नाही. आणि मुक्कामाला आलं की आधी पाय बघायचे, मग चहा. एकमेकांचे बघायचे, स्वतःचे माणूस नीट बघत नाही. तुझ्या घरात कुणाला तरी दाखव रोज.

पोट रिकामं ठेवून बसू नकोस. गुळाची पोळी मिळत असेल तर ने, शेंगदाण्याचा लाडू ने. अंगात जळण असलं तर पायापर्यंत पोचतं.

रात्रपाळी (7 ऑक्टोबर)

मी बफेलोला तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. बुटांचं बाकीच्यांनी छान सांगितलंय, मी पांढऱ्या पडलेल्या बोटांबद्दल लिहिते.

अंग गार पडायला लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त पोटाकडे, छातीकडे राखतं. त्यामुळे पाय गार असले तर नुसतं पायांकडे बघू नका. टोपी, मान, मांड्या, कंबर हेही झाकलेलं हवं. बैठकीची कड मांडीच्या मागे रुतत असेल तर तिथेही रक्त अडतं, पाय लोंबकळता राहू नये. तंबाखू, सिगारेट अजिबात नको, त्याने वाहिन्या आणखी आवळतात. दारूने ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीराची ऊब उलट बाहेर जाते.

तुम्ही लिहिलंत ते वाचून हिमदंशाची सुरुवातीची पायरी झाली असावी असं वाटतं. एकदा असं झालेली बोटं पुढे बराच काळ थंडीला लवकर बळी पडतात, म्हणून यंदा डाव्या पायाच्या त्या दोन बोटांवर विशेष लक्ष ठेवा. पुन्हा पांढरी पडली तर चोळू नका. शेगडीपाशी, हीटरपाशी धरू नका, बधीर कातडी भाजल्याचं कळत नाही. 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवा, लाली आणि मऊपणा येईपर्यंत. अर्धा तास लागू शकतो आणि दुखतं. पाणी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने तपासून घ्या. परत त्याच दिवशी थंडीत जायचं नाही, वितळलेलं पुन्हा गोठलं तर नुकसान फार मोठं होतं. बोटं मेणासारखी कडक लागली, किंवा फोड आले, तर थेट रुग्णालय.

मधुमेह असलेल्या वाचकांसाठी: तुमच्या पायाची जाणीव आधीच कमी असू शकते. मुंग्या येण्याची वाट बघण्याचा नियम तुम्हाला लागू पडत नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असं बसू नका.

वाईची_लेक (22 नोव्हेंबर, रात्री)

मंडळी, आज पहिला दिवस होता. पहाटे 14 फॅरनहाइट, म्हणजे उणे 10, वारा कमी.

पॅक बूट घेतले, आठच्या मापाचे, आतल्या लोकरी मोज्यांचा जादा जोड वेगळा घेतला. सगळं मिळून दोनशे चाळीस डॉलर. ऑक्टोबरात दोन रविवार दुपारी जाऊन चढ-उतार केली. पहिल्या दिवशी चवड्याने चढताना बूट मोठा असल्यामुळे टाच मागे लोंबतेय असं वाटायचं. दहाव्या फेरीला पायाला पायरी ओळखीची झाली. पाटाच्या जाळीवर योगासनांच्या जुन्या चटईचा तुकडा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट बांधला, सरकू नये म्हणून चारही कोपऱ्यांत. त्याने एक आणखी झालं, बूट हलला तरी लोखंडाचा आवाज येत नाही.

आज पावणेपाचलाच निघाले. गमबूट, पातळ मोजे, जाकीट पाठीवर. गोठ्यापासून निघताना दात वाजत होते, मनात आलं की घालावं जाकीट. नाही घातलं. झाडाखाली पोचले तेव्हा अंग नुकतं कोमट झालं होतं. पाय उघडा केला, टॉवेल फिरवला, आणि टॉवेल बोटांपाशी ओला लागला. एवढं सावकाश चालूनही. गेल्या वर्षी बुटात काय असेल ते तेव्हा कळलं.

सहाला वर. काकांनी सांगितलं तसं दर पाव तासाला बोटं दाबत होते, मनात उजळणी म्हणत: वीस दाबून, वीस सोडून. साडेसात झाले, सव्वाआठ झाले, पाय होते. नऊ वाजले तेव्हा गेल्या वर्षीच्या त्या पायऱ्या आठवल्या आणि डोळ्यांत पाणी आलं.

साडेनऊच्या सुमारास डावा अंगठा गार पडायला लागला. उजवा ठीक, डावाच का? वाकून बघितलं तर डावी नाडी चढताना बांधली तशीच होती, सैल करायची राहिली होती. सैल केली, बोटं दाबली, सात-आठ मिनिटांत ऊब परत आली. काका, तुमचे शब्द आठवले.

दहा वाजून वीस मिनिटांनी ओकांच्या झाडीतून एक मादी आली, एकटी, पिल्लू बरोबर नाही. तिने दोनदा थांबून वास घेतला. मी पाय जराही हलवला नाही, हलवावासा वाटलाच नाही, कारण तो दुखत नव्हता. तीस यार्डांवर आडवी उभी राहिली तेव्हा गोळी झाडली. चाळीस पावलांवर पडली. उतरताना प्रत्येक पायरी तळव्याला कळत होती. खाली येऊन तिच्यापाशी बसले, तिच्या मानेवर हात ठेवला, आणि आजोबा रानातून पहिली कणसं आणताना जमिनीला हात लावून कपाळाला लावायचे, तसं केलं.

रात्री नवऱ्याने पाय बघितले, चहाच्या आधी. दहाही बोटं गुलाबी, त्या दोघींसकट.

माझ्याकडे अजून एक परवाना आहे, आणि शेजारचे आजोबा गुडघ्यामुळे यंदा चढत नाहीत, त्यांच्या घरचं मटण माझ्यावर आहे. उद्या पहाटे पुन्हा बसणार. आजचे आतले मोजे गरम हवेच्या जाळीपासून हातभर लांब उभे करून ठेवलेत. उजवा वाळला. डावा अंगठ्यापाशी अजून दमट लागतोय, म्हणून त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरलेत आणि उद्यासाठी जादा जोड बुटात घालून ठेवलाय.